धुऱ्यावरचे औषध



श्रावणात पुसदहून कुठल्याही दिशेला निघा. वावरात सोयाबीन, पऱ्हाटी, तूर हिरवीगार, आणि दोन वावरांमधला धुरा मात्र भाजल्यासारखा पिवळा. पूर्वी धुरा असा फक्त उन्हाळ्यात दिसे. आता तो ऐन पावसाळ्यात दिसतो, कारण पिकात मारून उरलेला पंप धुऱ्यावर रिकामा होतो. अलीकडे तर धुऱ्यासाठी म्हणून वेगळी बाटली आणली जाते.

हा लेख तणनाशकाविरुद्ध नाही, हे आधीच सांगतो. निंदणाला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. शेतमालाचे भाव पाडायचे आणि शेतकऱ्याने मात्र हाताने निंदावे असा उपदेश करायचा, हा शहरी शहाणपणा आपल्याला मान्य नाही. गहुलीचे वसंतराव नाईक याच तालुक्यातले. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री असताना त्यांनी संकरित बियाण्याचा आग्रह धरला. इथल्या माणसाला विज्ञानाची भीती कोणी घालू नये. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेला, तणनाशक सोसणारा कापूस उघडपणे लावला, तेव्हा तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे असे मी सभांतून बोललो. आजही बोलतो. पण निवडीचा हक्क म्हणजे हिशेब न करण्याचा हक्क नव्हे. धुऱ्यावर पीक नाही, निंदणाचा खर्च नाही. मग तिथे फवारून आपण नेमके काय वाचवतो?

काय घालवतो ते मायबहिणींना विचारा. आषाढात बाजारात भाजी महाग असते तेव्हा तरोटा, कुरडू, पाथरी, घोळ हीच घरची भाजी. घोळीला गुण आहेत हे आजीला ठाऊक होते. त्यात ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल भरपूर असते, हे आता प्रयोगशाळाही सांगते. त्याच धुऱ्यावर माका, आघाडा, भुईआवळी, आणि कडेच्या निंबावर चढलेली गुळवेल. कोरोनाच्या साथीत शहरातून गुळवेलीला मागणी आली तेव्हा लोक ती शोधत हिंडले. ज्यांनी निंबाच्या बुडाशी फवारले होते त्यांना ती शेजाऱ्याच्या धुऱ्यावर सापडली.

माझ्या विद्येचाही यात दोष आहे. अकोल्याला कृषी पदवीचे शिक्षण घेताना आम्ही तणांचा संग्रह करायचो. वाळवून, कागदावर चिकटवून, नाव लिहून मार्क मिळवायचे. त्याच विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. एका वर्गात जे तण, ते पलीकडच्या वाफ्यात औषध. याची विसंगती चार वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आली नाही.

आता शेतीशास्त्राचा मुद्दा. रिकामी जमीन रिकामी राहत नाही. ग्लायफोसेट मुळापर्यंत उतरते, मऊ झाडोरा मरतो, पण केना बराचसा टिकून राहतो. मोकळ्या जागेत पहिले येते ते गाजरगवत. हे परदेशी तण १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि तिथून देशभर गेले. अंगाला खाज, पुरळ आणि दमा हे त्याचे देणे. या गाजरगवताला दाबून टाकण्यासाठी कृषी तज्ज्ञ शिफारस कशाची करतात? तरोट्याचे बी टाकण्याची. म्हणजे ज्याने गाजरगवत अडवले असते ते आपण पैसे देऊन मारतो. गवताची मुळे मेली की धुराही फुटतो, ते वेगळेच.

काही मित्र म्हणतील, धुऱ्यावरचे तण किडीला आसरा देते. खरे आहे. पिठ्या ढेकूण गाजरगवतावर पोसतो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून गाजरगवत फुलण्याआधी, हातात मोजे घालून उपटावे. पण किडी खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपाही त्याच धुऱ्यावर राहतात, आणि बाटलीला दोघांतला फरक कळत नाही.

फवारणाऱ्या माणसाबद्दल या जिल्ह्याला सांगायची गरज नसावी. २०१७ च्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे वेगळी होती, पंप पाठीवर घेणारा माणूस तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. अमेरिकेच्या व युरोपच्या नियामकांना ते मान्य नाही. वाद मिटेपर्यंत निदान जिथे गरज नाही तिथे तरी अंगावर घेऊ नये.

उलट बाजूचाही अतिरेक नको. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असे नसते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसरीच वेल घेतली गेली असावी असे म्हटले. साप चावला, कावीळ झाली तर आधी दवाखाना. आणि कोणी औषधी वनस्पतींच्या करारशेतीचे कागद घेऊन आले तर सफेद मुसळी आठवा. माझ्या काकांनी महागडे कंद घेऊन अर्धा एकर लावली होती. खरेदीची हमी देणारे दुसऱ्या वर्षी फोन उचलेनात.

आता हक्काचे. अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवरच्या हळदीचे पेटंट दिले गेले. आपल्याकडची हळद! ते १९९७ मध्ये रद्द झाले, कारण वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे समोर ठेवले. लिहिलेले होते म्हणून वाचले. तांड्यावरच्या, आंधांच्या पाड्यावरच्या म्हातारीला जे माहीत आहे ते कुठे लिहिले आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने देशी औषध कंपन्यांनीही लाभातला वाटा द्यावा असा निकाल दिला होता. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत आलेल्या ज्ञानाला त्यातून सूट दिली. म्हणजे पोथीतले ज्ञान मोकळे झाले. जे पोथीत नाही, म्हातारीच्या तोंडी आहे, त्यावर गावाला अजून हक्क सांगता येतो. त्यासाठी ते गावाच्या वहीत हवे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन गोष्टी कराव्यात. ग्रामसेवकाकडून ती नोंदवही मागून घ्यावी आणि गावातल्या दोन जाणत्या बायांना वाचून दाखवावी. काय राहिले, काय चुकले ते त्यांच्याच शब्दांत वेगळ्या कागदावर उतरवून आणावे. आणि गावातले निदान पाच शेतकरी यंदा धुरा फवारणार नाहीत, त्यांची नावे सोबत आणावीत. माझे नाव पहिल्या यादीत आहे. गेल्या वर्षी मीही फवारला होता.