बारा यार्डांवरची परीक्षा

२६ जून १९९६ च्या रात्री लंडनच्या वेम्बले मैदानावर इंग्लंड आणि जर्मनी यांच्यातील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा उपांत्य सामना जादा वेळेनंतरही १-१ असा बरोबरीत राहिला आणि निकाल टायब्रेकरवर गेला. दोन्ही संघांनी आपापल्या पहिल्या पाचही पेनल्टी अचूक मारल्या. सहावी मारण्यासाठी इंग्लंडचा पंचवीस वर्षांचा बचावपटू गॅरेथ साउथगेट पुढे आला. त्यापूर्वीच्या कारकीर्दीत त्याने सामन्यात एकच पेनल्टी मारली होती आणि ती खांबावर आपटली होती. या वेळी त्याचा दुबळा फटका गोलरक्षक कोप्के याने अडवला, म्योलरने पुढचा चेंडू जाळ्यात धाडला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला.

या पराभवाचे दोन खुलासे इंग्लंडमध्ये पुढे कितीतरी वर्षे चालत राहिले. एक असा की, पेनल्टी ही निव्वळ लॉटरी. आज त्यांची लागली, उद्या आपली लागेल. दुसरा असा की, इंग्रज खेळाडूंच्या अंगी अशा प्रसंगी लागणारा थंडपणा मुळातच नाही. १९९० ते २०१२ या काळात मोठ्या स्पर्धांत इंग्लंडवर सात वेळा टायब्रेकरचा प्रसंग आला आणि सहा वेळा तो संघ हरला. तेव्हा दुसऱ्या खुलाशाला पुरावाही मिळाल्यासारखा वाटला. वस्तुतः हे दोन्ही खुलासे एकमेकांना छेद देणारे आहेत. जे लॉटरीवर अवलंबून आहे त्यात स्वभावाचा संबंध येत नाही. पण दोहोंचा उपयोग मात्र एकच होता: तयारी का केली नाही, हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारला जात नव्हता. १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारण्याची वेळ डेव्हिड बॅटी याच्यावर आली. त्याने त्यापूर्वी व्यावसायिक सामन्यात कधीही पेनल्टी मारलेली नव्हती. मैदानावरचे ते वातावरण सरावात निर्माण करता येत नाही, तेव्हा सराव कशाला, असे त्या संघाच्या प्रशिक्षकांचे मत होते. शस्त्रक्रियेच्या वेळचा ताण आधी अनुभवता येत नाही म्हणून शल्यविशारदाने हात बसवूच नये, असे म्हणण्यासारखेच हे होते.

लॉटरीचा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. चेंडू आणि गोलरेषा यांत अंतर बारा यार्डांचे, खांबांमधले अंतर आठ यार्डांचे, आडव्या दांडीची उंची आठ फुटांची. यातले काहीही सामन्याच्या महत्त्वानुसार बदलत नाही. बदलते ते मारणाऱ्याच्या मनातले चित्र. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ गाइर योर्डेट आणि त्यांचे सहकारी यांनी मोठ्या स्पर्धांतील टायब्रेकरची छाननी केली. जी पेनल्टी लागली की सामना जिंकला जातो, ती मारणारे शेकडा ९२ वेळा यशस्वी झाले होते. जी चुकली की सामना हातचा जातो, तिथे यशाचे प्रमाण शेकडा ६० च्या आसपास घसरले होते. पायही तेच, चेंडूही तोच. समोर लाभ दिसतो की हानी, एवढाच फरक. मिळणाऱ्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा जाणाऱ्या शंभर रुपयांचे दुःख मोठे असते, हे अर्थशास्त्रात आता रूढ झालेले निरीक्षण इथे हिरवळीवर उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

हानीच्या भयाने नेमके काय बिघडते, हेही पुष्कळसे कळलेले आहे. सराईत खेळाडूचा फटका विचारावाचून घडतो. सायकल चालवताना कोणी तोल सांभाळण्याचा विचार करीत नाही, तसा. भयाच्या क्षणी खेळाडू स्वतःच्याच हालचालीवर पहारा ठेवू लागतो आणि जे आपोआप होत होते ते अडखळते. दुसरी गोष्ट नजरेची. इंग्लंडमधील संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र खेळाडूंना लावून पाहिले. चिंताग्रस्त खेळाडूची दृष्टी मोकळ्या कोपऱ्याऐवजी गोलरक्षकावर लवकर जाते आणि तिथेच अधिक काळ रेंगाळते, असे त्यांना आढळले. जिकडे दृष्टी, तिकडे चेंडू. तिसरी गोष्ट घाईची. योर्डेट यांनी निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंची तुलना केली, तेव्हा पंचांची शिट्टी झाल्यावर सर्वांत लवकर धाव घेणाऱ्यांत इंग्रज खेळाडू दिसले. हे असह्य क्षण एकदाचे संपवून टाकावेत, ही सुटकेची धडपड त्या घाईमागे असते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही ती परिचित असेल. पण फुटबॉलमध्ये त्या घाईची किंमत अकरा जण आणि कधी कधी एक देश मोजतो.

गोलरक्षकही या दुबळेपणापासून मुक्त नाही, हे इस्रायलमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. त्यांनी २८६ पेनल्टी तपासल्या. त्यांपैकी शेकडा २८ हून अधिक चेंडू गोलाच्या मधल्या भागात आले होते. पण गोलरक्षक मध्यभागी उभा राहिल्याचे प्रसंग शेकडा सहाच्या आसपासच होते. उभे राहणे फायद्याचे असूनही तो डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतो. कारण झेप घेऊन गोल झाला तर लोक ‘प्रयत्न केला’ म्हणतात आणि उभे राहून झाला तर ‘बघत राहिला’ म्हणतात. महागाई वाढली की काहीतरी केल्याचे दिसावे म्हणून घाईघाईने फतवे काढणाऱ्या अर्थमंत्र्यांची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे.

तात्पर्य, दडपण हे रक्तात नसून परिस्थितीत असते आणि परिस्थितीचा सराव करता येतो. २०१६ मध्ये त्याच साउथगेट यांच्याकडे इंग्लंडच्या संघाची सूत्रे आली. पुढल्याच वर्षी त्या देशाच्या फुटबॉल संघटनेने मानसशास्त्रज्ञ पिप्पा ग्रेंज यांची नेमणूक केली. खेळाडूंनी अपयशाबद्दलचे भय एकमेकांसमोर बोलून दाखवावे, हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. दुसरा भाग अगदी साधा होता. पेनल्टीचा सराव कसरतीच्या अखेरीस, पाय थकलेले असताना ठेवण्यात आला. मध्यरेषेपासून चेंडूपर्यंत एकट्याने चालत जाण्याचाही सराव झाला, कारण ती चालच मनाला खाते. शिट्टीनंतर घाई करू नये, असे ठरले. ३ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत कोलंबियाविरुद्ध हेंडरसनची पेनल्टी अडवली गेल्यावर जुनी कथा पुन्हा घडणार असे वाटले. पण इंग्लंडने टायब्रेकर ४-३ असा जिंकला. विश्वचषकातला त्या संघाचा हा असा पहिलाच विजय होता.

एवढ्यावर थांबले तर मानसशास्त्र म्हणजे गंडादोरा ठरेल. तसे ते नाही. ११ जुलै २०२१ रोजी पुन्हा वेम्बलेवरच, इटलीविरुद्धच्या युरोपीय अंतिम सामन्यात इंग्लंड टायब्रेकरमध्ये ३-२ असे हरले. रॅशफर्ड आणि सँचो यांना केवळ पेनल्टीसाठी म्हणून अगदी शेवटच्या मिनिटाला मैदानात उतरवले गेले होते. पायाला चेंडूचा धड स्पर्श होण्याआधीच त्यांच्यावर ती जबाबदारी आली. पाचवी आणि निर्णायक पेनल्टी बुकायो साका या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे होती. वरिष्ठ सामन्यात त्याने ती पूर्वी कधीच मारलेली नव्हती. तिघेही चुकले. तिघेही कृष्णवर्णीय असल्याने त्यानंतर समाजमाध्यमांवर त्यांच्यावर जी गरळ ओकली गेली ती इंग्लंडला लाजिरवाणी होती. मारणाऱ्यांची निवड आपली होती आणि जबाबदारीही आपलीच, असे साउथगेट यांनी लगेच जाहीर केले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने हे ओझे एकट्याने वाहिले होते, त्याने ते या मुलांच्या खांद्यावर राहू दिले नाही. तथापि सराव कितीही झाला असला तरी निवडीची चूक सरावाने भरून निघत नाही, हेही त्या रात्री दिसले.

या शास्त्राच्या नावावर झालेल्या गफलतीही थोड्या नाहीत. १९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलच्या संघाबरोबर गेलेल्या मानसशास्त्रज्ञाने चाचण्यांच्या आधारे सतरा वर्षांच्या पेले याला बालिश ठरवून संघात न घेण्याचा सल्ला दिला होता. प्रशिक्षक फिओला यांनी तो मानला नाही आणि त्या मुलाने स्पर्धेत सहा गोल केले, त्यांतले दोन अंतिम सामन्यात. चूक त्या विद्वानाच्या बुद्धीची म्हणण्यापेक्षा कामाच्या कल्पनेची होती. त्याने मानसशास्त्राची चाळणी केली. कणखर वर, कच्चे खाली. स्वभाव जन्मजात असतो, हीच ती जुनी समजूत, फक्त प्रयोगशाळेचा झगा घातलेली. २०१४ मध्ये त्याच ब्राझीलने दुसरी चूक केली. चिलीविरुद्ध टायब्रेकर जिंकूनही खेळाडू मैदानावर हमसून रडले, तेव्हा स्पर्धा ऐन भरात असताना मानसशास्त्रज्ञाला शिबिरात बोलावणे धाडले गेले. दहा दिवसांनी त्याच बेलो होरिझोंतेच्या मैदानावर जर्मनीने त्यांचा ७-१ असा फडशा पाडला. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. जर्मनांनी २००४ पासूनच आपल्या राष्ट्रीय संघाबरोबर मानसशास्त्रज्ञ ठेवला होता, हे येथे नोंदवले पाहिजे. अभ्यासकांनीही सावधपणे बोलावे हे बरे. टायब्रेकरमध्ये प्रथम मारणारा संघ शेकडा ६० वेळा जिंकतो, असा निष्कर्ष २०१० मध्ये बराच गाजला; अधिक सामने तपासल्यावर तो फरक जवळजवळ पुसला गेला.

६ जुलै २०२४ रोजी ड्युसेलडोर्फ येथे इंग्लंडची गाठ स्वित्झर्लंडशी पडली. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याविषयीची टिपणे गोलरक्षक पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर चिकटवलेली होती; अकांजी याच्यासमोर डावीकडे झेपावे, असे तिथे लिहिले होते. त्याने तसे केले आणि चेंडू अडवला. पेनल्टी मारून परत येणाऱ्याला सामोरे जाण्यासाठी एकेक सहकारी नेमून दिलेला होता. इंग्लंडच्या पाचही पेनल्टी लागल्या. त्यांतली तिसरी साकाची होती. त्याच सामन्यात बरोबरीचा गोलही त्याचाच.

आपल्याकडे या गोष्टी दूरच्या वाटण्याचे कारण नाही. २०११ च्या विश्वचषक विजेत्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या हॉकी संघाबरोबर पॅडी अप्टन हे मनाची तयारी करून घेणारे प्रशिक्षक होते. तेव्हा वरच्या स्तरावर हा विचार पोचलेला आहे. प्रश्न खालचा आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे संघ भिडतात, त्या वेळी लोटणारी गर्दी अनेक मोठ्या शहरांनी हेवा करावा अशी असते. पण तिथे काय किंवा मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धेत काय, टायब्रेकरमध्ये चुकलेल्या पोराच्या वाट्याला काय येते? ‘कच खाल्ली’ हा शेरा, घरी जाताना टोमणे आणि पुढल्या सामन्यात राखीव बाकावरची जागा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर भित्रेपणाचा शिक्का एकदा बसला की तो स्वतःही त्यावर विश्वास ठेवू लागतो आणि पुढल्या वेळी पेनल्टी मारायला हात वर करीत नाही. यात किती चांगले खेळाडू गळून जातात, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

यावर निधी नाही हे नेहमीचे उत्तर दिले जाईल. प्रत्येक संघाला मानसशास्त्रज्ञ ठेवणे परवडणार नाही, हे खरेच आहे. पण मॉस्कोत जे उपयोगी पडले त्यातले बरेचसे फुकटचे होते. कसरत संपल्यावर वीस मिनिटे राखून ठेवावीत. दमलेल्या मुलांनी एकेकट्याने मध्यरेषेपासून चालत यावे, बाकीच्यांनी हवा तेवढा गोंगाट करावा, शिट्टीनंतर एक श्वास घेऊन मगच धाव घ्यावी. कोण मारणार ते आदल्या दिवशी ठरावे, कर्णधाराने मैदानावर चेहरे न्याहाळून नव्हे. चुकून परत येणाऱ्याच्या खांद्यावर कोणी हात ठेवायचा, तेही ठरलेले असावे. यासाठी चेंडू, शिट्टी आणि थोडीशी शिस्त लागते. पुढल्या हंगामाची आखणी करण्यासाठी जिल्हा संघटनांच्या आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांच्या बैठका होतील, तेव्हा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये.