कापडाची बाळंतीण
सोलापुरास अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलांचे यंत्रमाग पाहताना कापडाचा एक निराळाच उपयोग आम्हांस आठवला. फ्रान्सच्या पंधराव्या लुईने १७५९ साली मादाम द्यु कूद्रे या सुईणीस गावोगावी प्रसूतिविद्या शिकविण्याची सनद दिली. तिचे साधन म्हणजे कापड, चामडे व कापूस यांची गर्भवतीची प्रतिकृती! मूल आडवे आल्यास काय करावे, हे विद्यार्थिनी तीवर शिकत. आपल्याकडे २०१८ साली केंद्र सरकारने परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे प्रसूतिशिक्षण आखले. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव काही तासांतच प्राण घेतो. तेथे आठवीत बसण्यास अवधी नसतो. हात आधीच सरावलेला हवा. चूक व्हावयाचीच, तर ती कापडाच्या बाळंतिणीवर होवो. कोणाच्या लेकीवर नको.