कोऱ्या पानांचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाने २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षापासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने जोडण्याचा उपक्रम सुरू केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो गुंडाळला. दप्तराचे ओझे हलके होईल, गरिबाच्या मुलाला वही विकत घ्यावी लागणार नाही आणि मूल त्या पानांवर ‘माझी नोंद’ करील, अशी त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात मुले वह्याही आणीतच राहिली, पानांचा अपेक्षित उपयोग झाला नाही, असे सांगून पाने काढून टाकण्यात आली. या प्रकरणी जी चर्चा झाली ती मुख्यतः कागदाची, वजनाची आणि खर्चाची. ज्या मुलापुढे कोरे पान ठेवले त्याने त्यावर काय लिहावे, हे त्याला शाळेने कधी शिकविले होते काय, हा प्रश्न शासनाने विचारला नाही. आणि श्रमिकांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी कळवळा बाळगणाऱ्या डाव्या व समाजवादी वर्तुळांतही तो फारसा विचारला गेला नाही.

वस्तुतः शाळेत मूल लिहिते खूप. फळ्यावरचे उतरवून घेते, गाईडातील उत्तरे वहीत नकलून काढते, स्वाध्याय पुरे करते. परंतु या लेखनात हात चालतो, डोके चालावयाची आवश्यकता नसते. प्रश्न पुस्तकाचा, उत्तर गाईडाचे, वाक्य बाईंचे. मुलाचे फक्त अक्षर. निबंधाच्या तासाला स्वतःचे चार शब्द लिहिण्याची थोडी सोय असते, पण तेथेही निबंधांच्या तयार पुस्तकांनी ती जागा बळकावली आहे. प्रकल्पाचे छापील तक्ते तर स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. शिक्षकांची अवस्थाही वेगळी नाही. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे फर्मान निघाले आणि अल्पावधीतच तयार नोंदींचे संग्रह शिक्षकांच्या हाती खेळू लागले. मूल नक्कल करते, गुरुजी नक्कल करतात, वरचा अधिकारी शेरा मारतो. ज्या व्यवस्थेत कोणालाच स्वतःचे वाक्य लिहावयाचे नसते, तिने वाटलेली पाने कोरी राहिली यात नवल ते काय?

लेखन हे केवळ भाषा विषयाचे काम नव्हे. एखादी गोष्ट समजली आहे की नाही हे ती स्वतःच्या शब्दांत मांडू लागल्यावरच माणसाला कळते. गणितात हातचा का घ्यावयाचा, गंज का चढतो, पाऊस घाटमाथ्यावर अधिक आणि शिरूरकडे कमी का, हे मुलाने दोन-चार वाक्यांत लिहून पाहिले की अडलेली जागा त्याची त्यालाच दिसते. घोकलेल्या उत्तरात ती जागा झाकलेली राहते. म्हणून लेखन हे शिकून झाल्यावर द्यावयाची परीक्षा नसून शिकण्याचेच हत्यार आहे, आणि ते प्रत्येक विषयाच्या तासाला वापरले गेले पाहिजे.

वाघोलीकडे पाहिले म्हणजे या मागणीतील तातडी ध्यानात येते. नगर रस्त्यावरील हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. आज तेथे उंच इमारतींची दाटी आहे. तथापि पुणे शहर ज्या खडीवर उभे राहिले तिचा मोठा वाटा या परिसरातील दगडखाणींनी पुरविला. त्या खाणींत वडार आणि इतर भटक्या, दुष्काळी भागांतून आलेल्या कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या डबर फोडले. त्यांची मुले शाळेच्या दारापर्यंत पोचत नाहीत म्हणून शाळाच खाणीच्या तोंडाशी नेण्याचा प्रयत्न ‘संतुलन’ या संस्थेने १९९७ पासून केला. ‘पाषाणशाळा’ हे नाव त्यातूनच आले. मूल शाळेत आणणे ही पहिली लढाई होती. शाळेत आलेल्या मुलाच्या हाती काय पडते, ही दुसरी लढाई अद्याप नीट सुरू झालेली नाही.

खाणकामगाराच्या मुलाभोवती प्रत्येक विषयाची सामग्री उघडी पडलेली असते. दख्खनचे पठार अग्निजन्य खडकाचे आहे, हे वाक्य भूगोलाचे पुस्तक त्याला पाठ करावयास लावते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचे थर त्याच्या झोपडीमागील खाणीच्या कड्यात एकावर एक दिसतात, त्याविषयी लिहावयास मात्र कोणी सांगत नाही. घनफळाचे सूत्र तो घोकतो. पण शंभर घनफुटांचा एक ब्रास, आणि ब्रासवर किंवा खेपेवर बापाची मजुरी ठरते. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची घेऊन त्यात किती ब्रास माल मावतो आणि हिशेबात किती धरला जातो, हे त्या मुलाने आपल्या वाक्यांत मांडले तर गणित त्याला कळेलच. शिवाय मुकादमाला न आवडणारे आणखीही काही कळेल! क्रशरची धूळ कोठे जाते, पावसाळ्यात सोडून दिलेल्या खाणीत साठलेले पाणी गढूळ का असते, ही विज्ञानाचीच प्रकरणे आहेत.

नागरिकशास्त्राचे तर विचारावयासच नको. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीच्या केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर चढला. तिघे मेले, त्यांत दोन लहान मुले होती. पोटासाठी अमरावती जिल्ह्यातून आलेली ती माणसे होती. वृत्तपत्रांनी बातम्या दिल्या, पुढाऱ्यांनी दुःख व्यक्त केले. मजूर फुटपाथवर का झोपतात, अवजड वाहनांना कोणते नियम लागू आहेत, निवाऱ्याची जबाबदारी कोणाची, यावर परिसरातील किती वर्गांत मुलांना चार ओळी लिहू दिल्या गेल्या असतील?

हे काही परदेशातून आणलेले नवे खूळ नव्हे. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी व १ मार्चच्या अंकांत छापून आला. मातंग समाजातील त्या मुलीने धर्मग्रंथांच्या अधिकाराला तर्काने आव्हान दिले, पेशवाईतील जुलमाचा पाढा वाचला, आपल्या जातीच्या स्त्रियांच्या बाळंतपणातील हाल सांगितले. त्या निबंधात इतिहास आहे, धर्मचिकित्सा आहे, आरोग्य आहे आणि अर्थकारणही आहे. तो कोणत्या विषयाच्या तासाचा म्हणावा? शाळेत घालवलेल्या थोड्या वर्षांत ती मुलगी एवढे लिहू शकली, कारण लेखन हे स्वतःच्या स्थितीचा विचार करण्याचे साधन आहे असे मानणाऱ्या शिक्षकांच्या हाती ती पडली होती. पुढे साने गुरुजींनी अंमळनेरच्या छात्रालयात हाताने लिहिलेले दैनिक चालविले. शाळाशाळांतून हस्तलिखितांची प्रथाही रुजली. परंतु हस्तलिखित म्हणजे कविता, गोष्ट आणि चित्रे असे समीकरण बसले. गणित-विज्ञान त्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिले आणि तेथेच चूक झाली.

इटलीतील बार्बियाना या डोंगरी खेड्यात डॉन मिलानी या धर्मगुरूने नापास ठरविलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालविली. त्यांतील आठ मुलांनी मिळून १९६७ मध्ये एका शिक्षिकेस उद्देशून पत्ररूप पुस्तक लिहिले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. कोणत्या थरातील मुले नापास होतात याची आकडेवारीही त्यांनी त्यात मांडली. पास-नापासाच्या गणितात वर्ग दडलेला असतो, हे लिहिता लिहिता त्यांना सिद्ध करता आले. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक शालेय लेखांचे परीक्षण करून १९७५ मध्ये दाखवून दिले की जवळजवळ निम्मे लेखन शिक्षकाला केवळ परीक्षक मानून झालेले असते. त्याच वर्षी तेथील बुलक समितीने भाषा ही सर्वच विषयांच्या शिक्षकांची जबाबदारी असल्याचे सांगितले. श्रीमंत देशातील ही स्थिती आहे. येथे तर परीक्षक वाचतो तेही गाईडाचेच उत्तर.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, एवढे लेखन तपासणार कोण? आक्षेप खरा आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवून दिला. तो शिक्षक मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला असतो. पण प्रत्येक ओळ तपासलीच पाहिजे हा समज काढून टाकावयास हवा. पाच मिनिटांचे लेखन मुलांनी शेजाऱ्याला वाचून दाखविले, शिक्षकाने चार वह्या चाळल्या, तरी काम होते. दुसरा आक्षेप शुद्धतेचा. वडारी बोलीत वाढलेले मूल प्रमाण मराठीत पहिले वाक्य लिहिते तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच. त्या वाक्यावर तांबडी शाई ओतली की दुसरे वाक्य येत नाही. शुद्धलेखन शिकवू नये असे कोणी म्हणत नाही. ते नंतर, वाक्य मुलाचे झाल्यावर. शुद्ध भाषेची मक्तेदारी ज्यांच्याकडे परंपरेने आहे त्यांची मुले तसेही तरून जातात.

कार्यकर्त्यांनी येथे करावयाचे काम साधे आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पटसंख्या आणि पोषण आहार यांच्या जोडीने मुलांच्या विज्ञानाच्या व गणिताच्या वह्याही मागून घ्याव्यात आणि त्यांतील किती वाक्ये मुलांची स्वतःची आहेत हे पाहावे. वस्तीवरील अभ्यासिकांतून उत्तरे सोडवून देण्याऐवजी मुलांना ‘आज काय कळले नाही’ हे रोज लिहावयास लावावे. शिक्षक संघटनांशी बोलून अशैक्षणिक कामांविरुद्धच्या लढ्यात ही मागणी जोडावी, म्हणजे तो लढा केवळ नोकरीच्या अटींचा उरणार नाही. आणि महापालिकेच्या शाळांत प्रत्येक मुलास वर्षाकाठी एक कोरी, बिनस्वाध्यायाची वही मोफत मिळावी, तिच्यावर गुण नसावेत, तिची तपासणी नसावी, असा ठराव वाघोलीपासून पुढे रेटावा.