नोंदवही कोणाच्या हाती?



गेल्या पावसाळ्यात आमच्या सिहोऱ्याच्या शाखेची सभा रविवारी ठरली होती. शनिवारी रात्री युनियनच्या लेटरहेडवरचे एक पत्रक साऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले : सभा रद्द. निम्मे सभासद आलेच नाहीत. ते पत्रक कोणी केले, हे आजतागायत कळलेले नाही.

आमचे नुकसान एका सभेपुरते झाले. मुंबईत १४ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदी वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याच दिवशी वांद्रे स्टेशनाबाहेर हजारो स्थलांतरित मजूर जमले. गावाकडे गाड्या सुटणार, अशी अफवा पसरली होती. गाडी सुटली नाही; गरिबांच्या पाठीवर लाठ्या मात्र बसल्या.

म्हणून ‘ब्लॉकचेन’ या तंत्राकडे कामगारांनी लक्ष दिले पाहिजे. नाव परके, पण कल्पना आपल्या ओळखीची आहे. लाइन क्लिअर देता-घेताना प्रायव्हेट नंबर दोन्ही स्टेशनांच्या रजिस्टरांत लिहिला जातो. एका मास्तरने मागाहून खाडाखोड केली, तर दुसऱ्याच्या रजिस्टरावरून ती उघडी पडते. ब्लॉकचेनमध्ये असे एकच रजिस्टर शेकडो-हजारो संगणकांवर असते आणि प्रत्येक नवी नोंद मागच्या नोंदीशी जोडलेली असते. मधली एक बदलली की पुढची साखळी जुळत नाही. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली येथे २०२२ साली जातीच्या सुमारे ६५,००० दाखल्यांसाठी हे तंत्र हाती घेतले गेले, ते खोटे दाखले ओळखता यावेत म्हणून. मग फेडरेशनच्या पत्रकांना ते का लावू नये? पत्रक खरोखर आपल्या कचेरीतून निघाले की नाही, हे सभासदाला आपल्या फोनवरच पडताळता येईल.

परंतु भुलून जाऊ नये. नोंद कोणी व केव्हा केली एवढेच रजिस्टर सांगते. मजकूर खरा आहे का, ते सांगत नाही. शिवाय रागाच्या भरात साहेबाविरुद्ध लिहिलेली ओळही त्यातून पुसता येत नाही.

आणि मुख्य प्रश्न मालकीचा. २०१६ साली अमेरिकेत ‘स्टीमिट’ सुरू झाले. लिहिणाऱ्याला तेथे डिजिटल नाण्यांत मोबदला मिळे आणि कारभार सर्वांचा, असे सांगितले जाई. पण मत माणशी नव्हते. ज्याची नाणी जास्त, त्याचे मत जड. २०२० च्या फेब्रुवारीत जस्टिन सन या उद्योजकाने ती कंपनी विकत घेतली. मार्चमध्ये नाण्यांच्या काही मोठ्या पेढ्यांनी ग्राहकांनी ठेवलेली नाणी वापरून त्याच्या बाजूने मते टाकली आणि कारभार हातचा गेला. ठेव ग्राहकाची, मत सावकाराचे! अनेक सभासदांनी बाहेर पडून ‘हाइव्ह’ ही वेगळी साखळी उभारली.

आपल्या युनियनमध्ये गँगमनचे मत आणि मास्तरचे मत एकाच वजनाचे. म्हणून माझी सूचना अशी : सुरुवात पत्रकांपासून करावी, रजिस्टराच्या प्रती रेल्वे व टपाल दोन्ही संघटनांकडे असाव्यात, सभासदांची नावे व तक्रारी त्यात घालू नयेत, आणि मत माणशी एकच असावे.

तोवर पत्रक पुढे ढकलण्यापूर्वी आपल्या शाखा सचिवाला एक फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

— शाखा सचिव, सिहोरा