पात्रता फेरीला कोण जातं?

जानेवारी जवळ आला की मेलबर्नच्या आपल्या मराठी मंडळात एकच चौकशी सुरू होते: ऑस्ट्रेलियन ओपनचं, रॉड लेव्हर अरीनातलं जास्तीचं तिकीट कुणाकडे आहे का? तिकीट हवं असतं ते उपांत्य सामन्याचं, जमलं तर अंतिम सामन्याचं. त्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात, रजा टाकतात, मुलांना घेऊन जातात. यात गैर काहीच नाही. अल्काराझ आणि सिनर यांना डोळ्यांदेखत खेळताना पाहायला मिळणं हे भाग्यच आहे. पण त्याच मेलबर्न पार्कमध्ये आदल्या आठवड्यात आपली माणसं खेळून, बहुतेक वेळा हरून, पुढच्या विमानाने निघून गेलेली असतात आणि आपल्यातलं जवळजवळ कुणीही तिकडे फिरकलेलं नसतं. मला हे खटकतं. ऑस्ट्रेलियन ओपनला एकच दिवस जाता येणार असेल, तर तो दिवस पात्रता फेरीचा असावा, आणि मंडळाने सगळ्यांना मिळून तिथे न्यावं, असं माझं म्हणणं आहे.

ज्यांनी टेनिस फक्त दुसऱ्या आठवड्यात पाहिलं आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ जागा असतात. त्यातल्या शंभराहून थोड्या जास्त जागतिक क्रमवारीवर थेट भरल्या जातात, काही वाइल्ड कार्डने दिल्या जातात आणि १६ जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. त्या १६ जागांसाठी पुन्हा १२८ जण खेळतात. सोमवार ते गुरुवार, लागोपाठ तीन सामने जिंकायचे; एक हरलात की संपलं. भारताचे एकेरीतले खेळाडू जागतिक क्रमवारीत साधारण जिथे असतात, त्या जागेवरून त्यांची ऑस्ट्रेलियन ओपन इथेच सुरू होते आणि पुष्कळदा इथेच संपते.

२०२४ सालचा सुमित नागल आठवा. तो क्रमवारीत १३७वा होता. तीन पात्रता सामने जिंकून तो मुख्य फेरीत आला आणि पहिल्याच सामन्यात ३१वं मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला त्याने सरळ तीन सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयाने हरवण्याची गोष्ट ३५ वर्षांनी घडली होती. त्याआधी रमेश कृष्णनने १९८९ साली इथेच, मेलबर्नमध्ये, मॅट्स विलँडरला हरवलं होतं. त्या संध्याकाळी आपल्या सगळ्यांचे फोन खणखणले. पण आदल्या आठवड्यात आडबाजूच्या कोर्टावर तो तीन सामने खेळत होता, तेव्हा आपण कुठे होतो? याच नागलने त्याच्या चार महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मुलाखतीत सांगितलं होतं की प्रशिक्षक, फिजिओ, प्रवास यांचा वर्षभराचा खर्च भागवल्यावर आपल्या खात्यात ९०० युरो उरले आहेत. २०२४ मध्ये पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ३१,२५० डॉलर मिळत होते आणि मुख्य फेरीत नुसतं पाऊल टाकणाऱ्याला १,२०,०००. म्हणजे पात्रतेच्या त्या तीन सामन्यांवर खेळाडूचं पुढचं वर्ष उभं राहतं. प्रेक्षकांच्या पाठबळाची खरी गरज असते ती या सामन्यांत, आणि नेमके हेच सामने रिकाम्या बाकांसमोर होतात.

यात वेळेचाही मुद्दा आहे, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. जानेवारीत मेलबर्न भारताच्या साडेपाच तास पुढे असतं. पात्रतेचे सामने इथे सकाळी दहाला सुरू होतात तेव्हा महाराष्ट्रात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. बाहेरच्या कोर्टांवरचे हे सामने तिकडे टीव्हीवर सहसा दिसतही नाहीत. खेळाडूचे आईवडील मोबाइलवर बदलणारे आकडे पाहत बसतात, बस. त्या घडीला आपल्या माणसाजवळ प्रत्यक्ष जाऊन बसू शकणारे जगात फक्त आपणच असतो. विम्बल्डनच्या वेळी ही संधी लंडनकरांना असते, यूएस ओपनच्या वेळी न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या मंडळींना. जानेवारीत ती आपली असते.

मी विजयदुर्गची. आमच्याकडे टेनिस म्हणजे चेंडू. ओहोटी लागली की पोरं पुळणीवर क्रिकेट मांडायची, ते टेनिसच्या चेंडूनेच. लव झडून चेंडू गुळगुळीत झाला, पाण्यात पडून जड झाला, तरी उन्हात वाळवून पुन्हा वापरायचा. रॅकेट मी मेलबर्नला येईपर्यंत हातात धरली नव्हती. पण घरच्या खेळाडूमागे कसं जायचं ते मला गावानेच शिकवलं. मे महिन्यात चाकरमानी आले की पंचक्रोशीत स्पर्धा लागायच्या. आमचा संघ पडेलला किंवा देवगडला निघाला की मागून टेम्पो भरून गाव निघायचा, आणि तो पहिल्या फेरीलाच निघायचा. अंतिम सामन्यापर्यंत संघ पोचेल की नाही, कुणी सांगावं! टी-शर्ट मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने दिलेले असत, पाण्याचा पिंप आणि भाकऱ्या घरोघरच्या. दुपारच्या उन्हात कशाला तडफडता, असं कुणी विचारलं तर आमच्या शेजारचे आजोबा म्हणायचे, "आपलो झील खेळताहा, आपण नाय गेलव तर कोण जातलो?" हरून परतलेल्या पोरांनाही तोच टेम्पो घरी आणायचा. इतक्या लांब येऊन, चांगलं कमावून, आपण नेमकी हीच रीत का सोडावी?

आपल्याकडे कौतुक नेहमी उशिरा निघतं, हे नवं नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक महाराष्ट्राला पाठ आहे. पण खाशाबा हेलसिंकीला पोचले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले आणि गावकऱ्यांनी जमेल तशी वर्गणी दिली, म्हणून. त्यानंतर ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक भारताला मिळायला ४४ वर्षं लागली, आणि ते १९९६ मध्ये अटलांटात मिळवलं टेनिसने, मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या लिअँडर पेसने. मला मिरवणुकीपेक्षा खर्डेकर मोठे वाटतात. मिरवणुकीत सामील होणाऱ्याला निकाल ठाऊक असतो. खर्डेकरांना तो ठाऊक नव्हता.

"पण आपला मराठी खेळाडू आहे कुठे टेनिसमध्ये?" हा प्रश्न मला दर वर्षी ऐकू येतो. आहेत, आणि पूर्वीपासून आहेत. १९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री होती लीला राव. पहिला सेट गमावल्यावर तिने ग्लॅडिस साउथवेलला ४-६, १०-८, ६-२ असं हरवलं. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृतमधल्या नामवंत लेखिका आणि स्वतःही टेनिस खेळणाऱ्या. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, अथर्ववेदाचे संपादक, मूळचे सावंतवाडी संस्थानातले. विम्बल्डनच्या हिरवळीवर भारतीय स्त्रीने मिळवलेला तो पहिला विजय आमच्या जिल्ह्याच्या नातीचा आहे. सिंधुदुर्गातल्या शाळांमध्ये ही गोष्ट सांगितली जायला हवी. मला तरी कुणी सांगितली नव्हती.

आजचंच पाहा. श्रीरामपूरला जन्मलेल्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, तेही अंतिम सामन्यात पहिला सेट गमावून. पुण्याच्या अर्जुन कढेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने अल्माटीत एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. पुण्याचीच वैष्णवी आडकर २०२५ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेऊन आली; या स्पर्धेत टेनिसचं पदक भारताला याआधी मिळालं होतं १९७९ साली, तेही पुण्याच्याच नंदन बाळ यांनी मिळवलेलं. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली. यातलं कोण कुठल्या वर्षी मेलबर्नला येईल, ते क्रमवारी ठरवते. आलं की आपल्याला कळलं पाहिजे, इतकंच. आणि झज्जरचा नागल किंवा कोडगूचा बोपण्णा खेळत असताना "हा आपला नव्हे" असं मी तरी म्हणणार नाही. पडेलला जाणाऱ्या टेम्पोत गिर्ये-रामेश्वरची माणसंही बसायची.

घरच्या मैदानाचा आधार या मुलांना आता फारसा उरलेला नाही, हेही लक्षात घ्या. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात बालेवाडीला पाच वेळा महाराष्ट्र ओपन झाली. एटीपीच्या मुख्य दौऱ्यातली ती स्पर्धा नंतर हाँगकाँगला गेली. मोठे खेळाडूही निवृत्त झाले: सानिया मिर्झा २०२३ च्या फेब्रुवारीत, बोपण्णा २०२५ च्या नोव्हेंबरात. २०२४ च्या जानेवारीत ४३ वर्षांच्या बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर रॉड लेव्हर अरीनात पुरुष दुहेरी जिंकली तेव्हा आपण तिरंगे घेऊन अंतिम सामन्याला जाऊ शकलो. तसा दिवस लगेच पुन्हा येईल असं धरून चालू नये. युकी भांब्रीने २०२५ च्या यूएस ओपनमध्ये दुहेरीची उपांत्य फेरी गाठली, त्यामुळे दुहेरीत आशा आहे. एकेरीत मात्र शेवटच्या आठवड्याची वाट पाहणाऱ्याला भारतीय खेळाडू दिसणारच नाही.

फिलिपिनो मंडळींकडून शिकण्यासारखं आहे. त्यांचीही माणसं आपल्यासारखीच जगभर पोटापाण्यासाठी पसरलेली. अलेक्झांड्रा ईआला ही त्यांची मुलगी २०२५ मध्ये मायामीत श्विऑन्तेकला हरवून उपांत्य फेरीत गेली आणि त्याच वर्षी यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत क्लारा टाऊसनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये १-५ अशी मागे पडून जिंकली. १९६८ पासूनच्या ओपन युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत फिलिपिन्सच्या खेळाडूने जिंकलेला तो पहिला एकेरी सामना. त्या दिवशी स्टँडमध्ये झेंडे घेऊन बसलेली माणसं पहिल्या फेरीला आली होती. १-५ ला उठून गेली नाहीत.

माझ्या मुलाच्या वयाची पोरं ऑस्ट्रेलियाच्या डी मिनॉरसाठी ओरडतात, आणि त्यांनी ओरडावंच. तो त्यांच्या शहरातल्या स्पर्धेत, त्यांच्या देशाकडून खेळतो. काही पालकांना वाटतं की मुलांना नागलच्या सामन्याला नेणं म्हणजे त्यांच्यावर आपला देश लादणं. मला हे पटत नाही. मुलाला दोन्ही कोर्टांवर न्या. डी मिनॉरच्या सामन्यात त्याला हजारोंतला एक होण्याचा आनंद मिळेल. पात्रतेच्या कोर्टावर खेळाडू हातभर अंतरावर असतो: बूट करकरताना ऐकू येतात, टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून मानेवर ठेवताना त्याचा हात थरथरतो तेही दिसतं, आणि "चल, चल, अजून एक" असं मराठीत म्हटलेलं नेमकं त्याच्या कानावर पडतं. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पोरीने ते ऐकून बाकांकडे वळून पाहिलं, तर आपली भाषा घराबाहेरही कुणाच्या उपयोगी पडते हे मुलाला कळेल. शनिवारच्या मराठी शाळेत आपण हेच शिकवायला धडपडतो.

मात्र जायचं तर नीट जायचं. क्रिकेटच्या सवयीने पहिल्या सर्व्हिसनंतर आरडाओरडा केला तर त्रास आपल्याच खेळाडूला होतो. गुण संपला की हवं तेवढं ओरडा. चेंडू उडवायला हात वर गेला की चूप. समोरच्याच्या दुहेरी चुकीवर टाळ्या नकोत. सामना संपल्यावर भेट झाली तर जेवायला बोलवा, त्याला घरचा वरणभात हवाच असेल. पण काढा, चूर्ण, "ही आयुर्वेदिक गोळी घे, खांदा लगेच मोकळा होईल" असलं काही देऊ नका. उत्तेजक चाचणीत जे सापडेल त्याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूवर येते, कुणी प्रेमाने दिलं होतं हे तिथे चालत नाही. दुखापतीचीही खोदून चौकशी करू नका. अशी आतली माहिती सट्टेबाजांपर्यंत जाऊ शकते. आपल्या एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशाने तो अडचणीत येईल.

आता कार्यकारिणीकडे मागणं. डिसेंबरच्या बैठकीत एका व्यक्तीवर हे काम सोपवा. प्रवेशयादी काही आठवडे आधी जाहीर होते, तीत भारतीय नावं पाहायची. दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी लागतं, ते गटावर टाकायचं: कोर्ट कुठलं, सामना कितवा. पात्रतेच्या दिवसाचं तिकीट अंतिम सामन्याच्या मानाने किरकोळ असतं, तेव्हा विद्यार्थ्यांची तिकिटं मंडळाने काढायला हरकत नाही. निवृत्त मंडळींना सोमवारी वेळ असतो, त्यांनी पहिला दिवस घ्यावा. ज्युनियर खेळाडू मेलबर्नच्या आधी ट्रॅरॅलगनला खेळतात. गिप्सलँडकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तिथली जबाबदारी घ्यावी. पंधरा-सोळा वर्षांची मुलं तिथे येतात, काहींबरोबर पालकही नसतात. डबे, टोप्या, पाणी, सनस्क्रीन यांची यादी मी करून देते. सामना तीन सेटचा होईल असं धरून या. दोन सेटमध्ये हरला, तरी कोर्टाच्या दारापाशी थांबा आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ असं त्याला सांगा.