मेन बंद, तरी करंट चालू!



लहरीपुऱ्यातल्या आमच्या घरी गेल्या महिन्यात पंखा बदलायला वायरमन आला होता. त्याने मेन स्विच पाडला. ट्यूबलाइट क्षणभर विझली आणि पुन्हा लागली! आई म्हणाली, "अरे, तू बंद केलंस ना?" त्याने बंदच केलं होतं. पण मेन पडल्यावर इन्व्हर्टरला वाटलं, लाईट गेली. आणि त्याने इमानेइतबारे घराला २३० व्होल्ट द्यायला सुरुवात केली. ट्यूबलाइट लागलेली होती म्हणून कळलं. नाहीतर तो निर्धास्तपणे स्टुलावर चढला असता.

मला माझे नोकरीतले पहिले दिवस आठवले. मी सॉफ्टवेअरवाला, कारखान्यातल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहितो. मकरपुरा जीआयडीसीत एका कपाटाएवढ्या कंट्रोल पॅनेलवर काम चालू होतं. बाहेरचं हँडल ऑफवर, स्क्रीन काळी, दिवे विझलेले. आत एक वायर सैल दिसली म्हणून मी हात घातला, तर वायरमनकाकांनी माझं मनगटच धरलं. "थांबा साहेब, ती नारिंगी आहे." मग त्यांनी मीटर लावून दाखवला. २३० व्होल्ट! कलाभवनात चार वर्षं बी.ई. केलं, पण हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

हा करंट आला कुठून? शेजारच्या यंत्राच्या पॅनेलमधून. दोन यंत्रं जोडीने चालतात तेव्हा एकमेकांना निरोप देतात: "माझा पट्टा चालू आहे, आता तू माल सोड." हा निरोप पुष्कळदा शेजाऱ्याच्या विजेवर येतो. आपलं हँडल फिरवून शेजाऱ्याची वीज कशी बंद होणार? पॅनेलच्या आतल्या दिव्याची आणि सॉकेटची वीजही बऱ्याचदा मुद्दाम मेन स्विचच्या अलीकडून घेतात, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी अंधार होत नाही.

अशा वायरींसाठी यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०२०४-१, नारिंगी रंग सुचवतं. त्याच यादीत मुख्य पॉवरला काळा, एसी कंट्रोलला लाल आणि डीसी कंट्रोलला निळा रंग आहे. नारिंगीचा अर्थ एकच: "तुझा मेन बंद असला तरी मी चालू असू शकते."

पण नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. आपल्या जुन्या घरांत काळी वायर म्हणजे न्यूट्रल, पॅनेलमध्ये तीच पॉवरची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या घरात काळी फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. तिकडच्या जुन्या पॅनेलमध्ये नारिंगीऐवजी पिवळी वायर दिसते. शिवाय घाईच्या दुरुस्तीत हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडणारे महाभाग सगळीकडे असतात!

म्हणून काकांनी शिकवलेला क्रम मी आजही पाळतो. वीज कुठून कुठून येते ते आधी विचारायचं. प्रत्येक ठिकाणी बंद करून कुलूप आणि पाटी लावायची. मग मीटर आधी चालू पॉइंटवर तपासायचा, नंतर वायरीवर लावायचा आणि शेवटी पुन्हा चालू पॉइंटवर बघायचा. मीटरच बिघडलेला असला, तर तो शून्य दाखवतो आणि आपण फसतो.

आमच्या घरी आता मेन स्विचच्या बाजूला नारिंगी कागद चिकटवला आहे: "इन्व्हर्टरही बंद करा." ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मेन पाडला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या वायरींत करंट असतोच.

तरुण मित्रमैत्रिणींनो, या रविवारी एवढं करा. आपल्या घरात वीज किती वाटांनी येते ते आई-बाबांसोबत बसून मोजा. उत्तर एकाहून जास्त आलं, तर तुम्हीही एक नारिंगी कागद चिकटवा.

भेटू पुढच्या अंकात!