कोटातली वीज

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हाला कोपऱ्यात घेतलं. "तू इंजिनिअर ना? मग हे बघ." खिशातून घडी केलेलं माहितीपत्रक निघालं. अंगातल्या उष्णतेवर वीज तयार करणारा प्लास्टिकचा कोट! घालून फिरा, फोन आपोआप चार्ज. कंपनी नवी, भांडवल गोळा करतेय. काका निवृत्तीच्या पुंजीतले पैसे घालू म्हणत होते आणि काकूंचा चेहरा उतरला होता.

मंडळी, मुळातली गोष्ट खोटी नाही. एक टोक गरम आणि दुसरं थंड असलं की पदार्थातले विद्युतभार थंडाकडे सरकतात आणि दाब तयार होतो. १८२१ साली सीबेक यांना हा परिणाम सापडला. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांत प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज करण्याची सोय याच तत्त्वावर आहे. त्याच १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि प्लास्टिक वीज वाहू लागलं. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

अडचण आहे ती दोन्ही एकत्र आणण्यात. पदार्थाने वीज भरपूर वाहावी, दर अंशामागे दाब चांगला द्यावा, पण उष्णता मात्र वाहू नये. तिसरी गोष्ट प्लास्टिकला आयतीच जमते. पहिल्या दोन एकमेकींच्या सवती! विद्युतभार वाढवले की वीज सुरेख वाहते, पण दाब पडतो. कमी केले की दाब चढतो आणि वाहणं मंदावतं. तिन्हींचा मिळून एक आकडा काढतात, झेडटी. बिस्मथ टेल्युराइड या जुन्या पदार्थाचा तो साधारण १. पण तो ठिसूळ, आणि टेल्युरियम दुर्मीळ.

प्लास्टिकमध्ये सध्या मान आहे तो पेडॉट या पदार्थाला. तो पाण्यात कालवता यावा म्हणून त्यात पीएसएस नावाचं दुसरं प्लास्टिक घालतात, आणि ते गरजेपेक्षा जास्त होतं. २०११ साली स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या मंडळींनी पेडॉटच्याच एका प्रकारातले विद्युतभार बेताने कमी करून झेडटी ०.२५ वर नेला. २०१३ साली आमच्या मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला, जास्तीचं पीएसएस धुऊन काढलं आणि आकडा ०.४२ झाला. धुतलं कशात? इथिलीन ग्लायकॉलमध्ये, म्हणजे गाडीच्या अँटिफ्रीझमध्ये असतं तेच! भात वेळून पेज काढावी, तशातला प्रकार. आम्हाला ही युक्ती फार आवडते.

आता काकांच्या कोटाचा हिशेब. त्वचा ३३ अंश सेल्सिअस, बाहेर उणे १०. निसर्गाचा नियम १४ टक्क्यांच्या वर जाऊच देत नाही. ०.४ झेडटीचा पदार्थ त्यातला अकरावा हिस्सा पकडतो, म्हणजे सव्वा टक्का. कोटातून ५० वॅट उष्णता बाहेर पडते असं धरलं तर हाती येतात ०.६ वॅट. साधा चार्जरही ५ वॅटचा असतो. आणि हे सगळं तापमानातला पूर्ण फरक त्या पातळ पापुद्र्यावरच पडला तर! प्रत्यक्षात बहुतेक फरक अस्तरात आणि बाहेरच्या हवेत जातो. शिवाय कोटाचं काम उष्णता आत ठेवणं, आणि विजेसाठी ती बाहेर जाऊ द्यायला हवी. मिशिगनच्या जानेवारीत!

म्हणून हा विषय टाकाऊ आहे असं नव्हे. गरम पाइपावर चिकटवलेल्या पट्टीने एखादा सेन्सर चालवणं, हे त्याचं खरं काम. तिथे मिलिवॅटही पुरतात.

आम्ही काकांना कंपनीला विचारायला तीन प्रश्न लिहून दिले. झेडटीमधले तिन्ही गुण एकाच दिशेने मोजले का? (पापुद्र्याच्या लांबीत आणि जाडीत ते वेगळे निघतात, आणि सोयीचे तेवढे जोडले की आकडा फुगतो.) पेडॉटमध्ये धन भार वाहतात, मग जोडीला लागणारं ऋण भाराचं प्लास्टिक कोणतं, आणि हवेत ते किती महिने टिकतं? अंगावर घालून, चालत्या माणसाकडून, किती वॅट मोजले?

उत्तरादाखल रंगीत माहितीपत्रकाची आणखी एक प्रत आली. चेक अजून काकूंच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.